भयकथेचे चार भागीदार

एखादे पुस्तक लोकांच्या मनात घर करून बसले की त्याच्या लेखकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे सुचले कसे? मेरी शेली या इंग्रज लेखिकेला हा प्रश्न वारंवार विचारला गेला आणि त्यात कुतूहलापेक्षा आश्चर्याचा भाग मोठा होता. अठरा वर्षांच्या मुलीच्या मनात इतकी भयंकर कल्पना आलीच कशी, असा लोकांचा सूर असे. १८३१ साली तिच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीची सुधारित आवृत्ती निघाली. कथेच्या उगमाविषयी काही लिहावे अशी प्रकाशकांनी विनंती केली, तेव्हा मेरीने एक प्रस्तावना लिहून या प्रश्नाला उत्तर दिले. ती प्रस्तावना वाचताना एखाद्या जुन्या पेढीची खतावणी उघडल्यासारखे वाटते. कोणाकडून काय घेतले, कोणाचे देणे किती, स्वतःची पुंजी कोणती, हे सारे तीत नोंदलेले आहे.

हिशेबाचे पहिले पान १८१६ च्या उन्हाळ्याचे आहे. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर टांबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याचे सूक्ष्म कण वातावरणात उंच पसरले आणि पुढच्या वर्षी युरोपात व उत्तर अमेरिकेत उन्हाळा जणू आलाच नाही. पिके बुडाली, धान्याचे भाव चढले, स्वित्झर्लंडसारख्या प्रदेशात गरिबांची अन्नान्नदशा झाली. कारण मात्र त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. हजारो कोसांवरच्या एका डोंगराचा आणि आपल्या अंगणातील पावसाचा संबंध असेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

त्या वर्षीच्या जून महिन्यात जिनिव्हा सरोवराकाठी काही तरुण इंग्रज मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली होती. कवी लॉर्ड बायरन याने तेथे 'व्हिला दियोदाती' नावाचे घर भाड्याने घेतले होते. त्याच्याबरोबर जॉन पोलिडोरी हा वीस वर्षांचा डॉक्टर होता. जवळच दुसऱ्या घरात कवी पर्सी शेली, मेरी आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर राहत होती. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. पर्सीशी तिचा विवाह त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. संध्याकाळी सर्वजण बायरनच्या घरी जमत. जर्मन भुताखेतांच्या कथांचे फ्रेंच भाषांतर त्यांच्या हाती लागले होते. त्याचे वाचन चालले असता बायरनने सुचवले की प्रत्येकाने एकेक भयकथा लिहावी. मेरीच्या नोंदीप्रमाणे या करारात भागीदार चार होते : बायरन, पर्सी, पोलिडोरी आणि ती स्वतः.

या भागीदारीचा ताळेबंद मोठा बोधप्रद आहे. दोन भागीदार नामवंत कवी होते. बायरनची ख्याती तर साऱ्या युरोपात पसरलेली. त्याने काही पाने लिहिली आणि कथा अर्धवट सोडली. पर्सीनेही आरंभ करून विषय टाकून दिला. ज्यांच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती, त्या दोघांच्या हातून मात्र काम पुरे झाले. पोलिडोरीने बायरनच्या टाकलेल्या तुकड्यातील धागा उचलून 'द व्हॅम्पायर' ही कथा रचली. पुढील काळातील सुसंस्कृत, सरदारी थाटाच्या रक्तपिपासू पात्रांची परंपरा याच कथेपासून सुरू होते. परंतु १८१९ मध्ये ती एका मासिकात छापली गेली ती बायरनच्या नावावर. बायरनने ती आपली नसल्याचे सांगितले, पोलिडोरीनेही आपला हक्क मांडला; पण वाचकांच्या मनावर मोठ्या नावाचा शिक्का बसला तो लवकर पुसला गेला नाही. श्रम एकाचे आणि नाममुद्रा दुसऱ्याची, हा व्यवहार बाजारात जितका कटू ठरतो तितकाच साहित्यातही ठरला. १८२१ मध्ये, वयाची सव्विशी गाठण्यापूर्वीच, पोलिडोरीचा अंत झाला.

मेरीची अवस्था आरंभी अधिकच अवघड होती. तिला काही सुचेना. रोज सकाळी मंडळी विचारीत, कथा सुचली का? आणि रोज तिला नकार द्यावा लागे. तोवर तिच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता. आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांविषयी ग्रंथ लिहून खळबळ उडवली होती. वडील विल्यम गॉडविन हे तत्त्वचिंतक लेखक होते. ते लंडनमध्ये मुलांच्या पुस्तकांचे दुकान व प्रकाशन चालवीत आणि कायम कर्जाच्या ओझ्याखाली असत. दोन नामवंत कवींच्या बैठकीत बसलेल्या या मुलीजवळ आईवडिलांचे मोठे नाव होते, पण स्वतःची कमाई अशी काही नव्हती.

मग एका रात्री बायरन आणि पर्सी यांचे बोलणे लांबले. जीवनाचे मूळ तत्त्व काय, मृत देहात पुन्हा चेतना आणता येईल काय, असा तो विषय होता. मेरी लक्षपूर्वक आणि बहुतांशी मूकपणे ऐकत होती. ही चर्चा हवेतली नव्हती. इटलीतील लुइजी गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकांच्या पायांना विजेचा स्पर्श झाल्यावर स्नायू आखडतात हे पाहिले होते आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले होते. त्याचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला फाशी गेलेल्या एका कैद्याच्या प्रेतावर लोकांसमक्ष तसाच प्रयोग केला होता. प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला, आणि पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. त्या बैठकीत हे नवे शास्त्र म्हणजे चर्चेचा आवडता विषय होता. त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मेरीला झोप येईना. मिटल्या डोळ्यांसमोर एक तरुण अभ्यासक दिसू लागला. स्वतः जुळवून उभ्या केलेल्या मानवाकृतीशेजारी तो गुडघे टेकून बसला होता, आणि ती आकृती हळूहळू हलू लागली होती. ती स्वतः घाबरली आणि तिच्या ध्यानात आले की जे आपल्याला घाबरवते तेच इतरांनाही घाबरवील. दुसऱ्या दिवशी तिने कथा सुचल्याचे जाहीर केले.

प्रस्तावनेत एवढेच असते तर ती एक सुरस हकिकत ठरली असती. परंतु मेरीने पुढे एक मार्मिक विचार मांडला आहे. तिच्या मते कल्पना शून्यातून जन्माला येत नाही. अस्ताव्यस्त पडलेल्या सामग्रीला ती आकार देते, मात्र सामग्री आधी असावी लागते. व्यापारी घरातील माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. भांडवलावाचून उलाढाल होत नाही. मेरीचे भांडवल कोणते होते, याचा शोध घेतला की तिच्या भयकथेचा खरा उगम दिसू लागतो.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी झाला आणि अकराच दिवसांनी तिच्या आईने देह ठेवला. आपल्या जन्माने आईचा जीव घेतला, ही जाणीव घेऊन ती वाढली. फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला मुदतीपूर्वी कन्या झाली, ती दोन आठवड्यांतच दगावली. त्यानंतर काही दिवसांनी मेरीने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवले. बाळ केवळ गारठले होते, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जिवंत झाले, असे ते स्वप्न होते. जाग आली तेव्हा बाळ नव्हते. मृताला ऊब देऊन उठवण्याची कल्पना विजेच्या चर्चेपूर्वी वर्षभर आधीच एका आईच्या दुःखात रुजली होती. १८३१ च्या प्रस्तावनेत या स्वप्नाचा उल्लेख नाही. काही खाती माणूस जगाला दाखवीत नाही.

पर्सीच्या वाट्याविषयी मात्र तिने स्पष्ट लिहिले. कथेतील एकही प्रसंग आपण पतीकडून घेतलेला नाही, परंतु त्याने आग्रह धरला नसता तर ही लहानशी कथा कादंबरीच्या रूपाने जगापुढे आली नसती, असा तिचा निर्वाळा आहे. पहिल्या आवृत्तीची भूमिका पर्सीनेच लिहिली होती, हेही तिने सांगून टाकले. कादंबरीचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपलेले आहे. त्यावर पर्सीच्या हातच्या दुरुस्त्या आहेत आणि अभ्यासकांनी त्याने घातलेले शब्द चार-पाच हजारांच्या घरात मोजले आहेत. संपूर्ण ग्रंथ सुमारे बहात्तर हजार शब्दांचा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी ग्रंथ निघाला तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते आणि प्रती अवघ्या पाचशे होत्या. एका तरुण मुलीने हे लिहिले असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. लेखक पर्सीच असावा, असा तर्क करण्यात आला. १८३१ मध्ये मेरीने आपला हिशेब मांडला तेव्हा पर्सी हयात नव्हता. १८२२ मध्ये तो इटलीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडून मरण पावला होता. दिवंगत भागीदाराचा वाटा कमी दाखवणे सोपे असते आणि वाढवून दाखवणेही सोपे असते. मेरीने दोन्ही टाळले.

आता कथेकडे वळावे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा विद्यार्थी मृत देहांच्या अवयवांतून एक आकृती घडवतो आणि तीत प्राण भरतो. पण तिने डोळे उघडताच तिच्या कुरूपतेची त्याला किळस येते आणि तो खोलीतून पळ काढतो. त्याने आपल्या निर्मितीला नावसुद्धा दिले नाही. आज लोक त्या राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. वास्तविक ते नाव निर्मात्याचे आहे.

पुढे हा निनावी जीव स्वतःची कहाणी सांगतो, आणि जैन वाचकाने तेथे थांबून पाहावे असे बरेच काही तीत आहे. तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीलगत लपून राहतो. आरंभी भुकेपोटी त्यांच्या साठ्यातील अन्न चोरतो. आपल्या चोरीमुळे ती माणसे उपाशी राहतात हे कळताच तो ते सोडून देतो आणि रानातील फळे, कंदमुळे यांवर राहतो. रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो, आपले नाव कोणाला कळू न देता. पुढे तो निर्मात्याला सांगतो की माणसांचे अन्न माझे अन्न नव्हे. कोकरू मारून पोट भरण्याची मला गरज नाही. हा तपशील सहज आलेला नाही. पर्सी शेलीने १८१३ मध्ये शाकाहाराच्या समर्थनार्थ स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला होता आणि त्या घरात या विषयाची चर्चा नेहमीची होती. भयकथेतील राक्षस स्वभावतः निरुपद्रवी आहे, हा मेरीने वाचकाला दिलेला पहिला धक्का होय. ज्या कुटुंबाची त्याने मूकपणे सेवा केली, तेच त्याचे रूप पाहून त्याला मारून हाकलते. बुडणाऱ्या मुलीला त्याने वाचवले, तर बदल्यात बंदुकीची गोळी मिळते. तेथून त्याच्या मनात वैर साठू लागते, आणि मग निरपराध माणसांचे बळी पडतात. त्या हत्यांचे समर्थन मेरी करीत नाही. मात्र क्रोध कोठून उगवला, त्याला खतपाणी कोणी घातले, हे ती पायरीपायरीने दाखवते.

जैन शास्त्राने भयाचा विचार फार बारकाईने केला आहे. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांखेरीज नऊ नोकषाय सांगितले आहेत, आणि त्यांत भय व जुगुप्सा ही दोन्ही येतात. भयकथा याच दोन भावांवर उभी असते. व्हिक्टरला प्रथम जुगुप्सा वाटली, मग भय वाटले, आणि या दोहोंच्या आहारी जाऊन त्याने आपले कर्तव्य टाकले. कादंबरीतील साऱ्या अनर्थाचे मूळ त्या एका क्षणात आहे. त्याच वेळी, संसारातील दुःखाचे भान देणारे जे निरोगी भय, त्याला शास्त्राने संवेग म्हटले आहे आणि त्याचा गौरव केला आहे. धर्मकथेच्या आक्षेपणी, विक्षेपणी, संवेजनी आणि निर्वेजनी या चार प्रकारांतील तिसऱ्या प्रकाराचे नावच त्यावरून आले आहे.

याचे ठळक उदाहरण यशोधराच्या कथेत सापडते. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९५९ साली, 'यशस्तिलकचंपू' या संस्कृत ग्रंथात ती सांगितली. त्याच शतकात महाकवी पुष्पदंतांनी राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत अपभ्रंश भाषेत 'जसहरचरिउ' रचले. विदर्भातील कारंजा येथून निघालेल्या जैन ग्रंथमालेत पुष्पदंतांचा हा ग्रंथ १९३१ साली डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. जुन्या मराठीतही जैन कवींनी ही कथा गायिली आहे. कथेचा आरंभ अंगावर शहारे आणणारा आहे. चंडमारी देवीच्या मंदिरात राजा मारिदत्त बळींची सिद्धता करून उभा आहे आणि अभयरुची व अभयमती या कोवळ्या वयाच्या व्रतस्थ भावाबहिणीला वधासाठी आणले आहे. ती दोघे न डगमगता आपल्या पूर्वभवांची हकिकत सांगतात. यशोधर राजाने आईच्या आग्रहाखातर पशुबळी दिला नाही, पण तिचे मन राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवले. रक्ताचा थेंबही सांडला नाही. संकल्प मात्र वधाचा होता. त्या भावहिंसेपायी मायलेकरांना मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींतून फिरावे लागले. हे ऐकून मारिदत्ताच्या हातातील शस्त्र गळून पडते आणि बळीचा बेत मोडतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी ही कथा शेवटी अभय देऊन जाते.

या दोन कथांमध्ये आठ शतकांहून अधिक अंतर आहे, आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. मेरीच्या कथेत पुनर्जन्म नाही, कर्मसिद्धांत नाही, शेवटी कोणाला दीक्षाही मिळत नाही. तरीही दोन्ही कथा एका ठिकाणी येऊन भिडतात. केलेल्या गोष्टीपासून पळता येत नाही, असे दोन्ही सांगतात. यशोधराला वाटले, पिठाचाच तर कोंबडा आहे. व्हिक्टरला वाटले, दार लावून घेतले की झाले. दोघांनीही आपल्या कृतीचे परिणाम लहान मानले.

उद्योग-व्यापार करणाऱ्या कुटुंबांना हा विषय दूरचा नाही. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे. परंतु विवेकाची अट काढून टाकलेली नाही. कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी, दुकानातून विकली जाणारी वस्तू, भांडवल घालून सुरू केलेला आणि न जमल्याने कामगारांसह वाऱ्यावर सोडलेला धंदा, या सर्व माणसाच्या निर्मितीच आहेत. माल एकदा दुकानाबाहेर गेला की आपला संबंध संपला, ही भाषा व्हिक्टरची आहे. त्याहून जवळची गोष्ट घरातील मुलांची. रूप, बुद्धी किंवा कर्तबगारी अपेक्षेप्रमाणे नाही म्हणून एखाद्या लेकराकडे पाठ फिरवणारी घरे आजही दिसतात. अशा लेकराच्या मनात काय साठत जाते, हे मेरीने त्या निनावी जिवाच्या तोंडून वदवले आहे. तिला स्वतःला चार अपत्ये झाली, त्यांतील तीन तिच्या डोळ्यांदेखत गेली. पर्सी फ्लॉरेन्स हा एकच मुलगा जगला. निर्मात्याने सोडून दिलेल्या जिवाची कहाणी लिहिणारी स्त्री आपल्या त्या एका मुलासाठी आयुष्यभर लेखणीवर राबली.

घरातील मुले मोबाइलवर भयपट पाहतात, भयकथा वाचतात, कधी मित्रांबरोबर स्वतःही लिहितात, आणि वडीलधाऱ्यांना चिंता वाटते. ही चिंता अनाठायी नाही. केवळ रक्तपाताची चटक लावणारे, पाहणाऱ्याला बधिर करणारे पुष्कळ साहित्य बाजारात आहे, आणि ते भय व जुगुप्सा यांना नुसते पोसते. त्यापासून मुलांना दूर ठेवलेच पाहिजे. मात्र सरसकट निषेध करण्यापूर्वी एक कसोटी लावून पाहता येईल. कथा संपल्यावर मुलाला पीडिताची कणव येते की मारणाऱ्याचे कौतुक वाटते? कणव येत असेल तर ते वाचन फुकट गेले नाही. चार मित्र मिळून काही लिहीत असतील तर त्यांना बायरनसारखे अर्धवट सोडू देऊ नये, आणि ज्याचे श्रम त्याचे नाव, हा धडाही तेथेच द्यावा. येत्या चातुर्मासात एखाद्या संध्याकाळी आजी-आजोबांनी नातवंडांना यशोधराची कथा सांगावी, पिठाच्या कोंबड्यापाशी क्षणभर थांबावे आणि विचारावे : कोंबडा तर खोटा होता, मग दोष कशाचा? मुले काय उत्तर देतात, ते शांतपणे ऐकून घ्यावे.